टाकीत दोन कंपन्यांचं पेट्रोल मिसळलं तर गाडीला काही होतं का?

गेल्या गणपतीत माझा मावसभाऊ पुण्याहून राजापूरला निघाला होता. लांज्याच्या अलीकडे रिझर्व्हचा दिवा लागला. वाटेत दोन पंप आले, पण दोन्ही ‘दुसऱ्या’ कंपनीचे. गाडी घेतल्यापासून तो एकाच कंपनीचं पेट्रोल भरतो, त्यामुळे आपल्या कंपनीचा पंप येईल या आशेवर तो पुढे जात राहिला. शेवटी भर पावसात, मागे दोन लहान मुलं आणि आई, अशी गाडी बंद पडली. कोणीतरी बाइकवरून जाऊन बाटलीत पेट्रोल आणून दिलं, आणि तेही अर्थातच दुसऱ्याच कंपनीचं. मग मला फोन. “ताई, आता हे मिसळलंय. इंजिनला काही होणार नाही ना?”

बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. उत्तर सरळ आहे. भारतातल्या कुठल्याही अधिकृत पंपावरचं पेट्रोल दुसऱ्या कुठल्याही अधिकृत पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलं, तर इंजिनला काहीही होत नाही. नुकसान झालं असेल तर टाकी कोरडी होईपर्यंत गाडी दामटल्याने. आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि तो थंड राहतो सभोवतालच्या पेट्रोलमुळे. टाकी तळाला गेली की तो तापतो, हवा ओढतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणजे भावाने ज्या भीतीने दोन पंप सोडले ती भीती खोटी होती, आणि त्या भीतीपायी त्याने जे केलं तेच गाडीला बाधणारं होतं.

नुसतं ‘काही होत नाही’ म्हटल्याने कोणाचं समाधान होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी कारण सांगते आणि मग पेट्रोलच्या बाबतीत खरोखर काय तपासायचं ते एकेक करून.

पंपावरचं पेट्रोल येतं कुठून

पंपाच्या छतावरचा रंग वेगळा असला, तरी खालच्या टाकीतलं पेट्रोल त्याच कंपनीच्या रिफायनरीत बनलेलं असेलच असं नाही. महाराष्ट्रात रिफायनऱ्या दोनच, दोन्ही मुंबईत माहुलला. एक हिंदुस्थान पेट्रोलियमची, जी १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक या परदेशी कंपनीने (पुढे हीच एस्सो झाली) सुरू केली. दुसरी भारत पेट्रोलियमची, जी १९५५ मध्ये बर्मा शेलने सुरू केली. १९७०च्या दशकात दोन्हींचं राष्ट्रीयीकरण झालं. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही, तरी तिचे पंप गावोगावी आहेत. शेलची तर भारतात कुठेच रिफायनरी नाही.

हे चालतं कारण तेल कंपन्यांचे आपसात माल देण्या-घेण्याचे करार असतात. ज्या भागात ज्याची रिफायनरी किंवा पाइपलाइन जवळ, तिथून बाकीचेही उचलतात. मुंबईहून एक पाइपलाइन मनमाडकडे जाते, दुसरी पुण्याकडे आणि पुढे सोलापूरकडे. मनमाडजवळ पानेवाडीला आणि पुण्याजवळ लोणी काळभोरला तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो शेजारीशेजारी आहेत. आपल्या पंपावरचा टँकर बहुधा अशाच एखाद्या डेपोतून आलेला असतो.

आणि बनवणारा कोणीही असो, माप एकच. भारतीय मानक ब्यूरोचं पेट्रोलचं मानक सगळ्यांना सारखंच लागू आहे. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६, म्हणजे प्रदूषणाच्या मर्यादांचा सहावा टप्पा) दर्जाचं पेट्रोल विकलं जातं, ज्यात गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये हीच मर्यादा ५० होती. ऑक्टेन किमान किती, १५ अंश तापमानाला घनता कोणत्या मर्यादेत, किती तापमानाला किती भाग उडून गेला पाहिजे, हे सगळं या मानकात ठरवून दिलेलं आहे. एका कंपनीचं पेट्रोल दुसऱ्याच्या पेट्रोलशी ‘जमत नाही’ असं होण्याला त्यात जागाच नाही.

जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांचा संप झाला होता, आठवत असेल. पंपांवर रात्री बारापर्यंत रांगा होत्या. जिथे मिळेल तिथे, मिळेल त्या कंपनीचं पेट्रोल लोकांनी भरलं. मिश्रणाने इंजिनं बिघडत असती, तर त्या आठवड्यात राज्यातल्या एकाही गॅरेजला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नसती.

मग कंपन्यांमध्ये फरक असतो तरी कशाचा?

फरक असतो तो वरून घातलेल्या रसायनाचा, म्हणजे अ‍ॅडिटिव्हचा. डेपोत टँकर भरताना त्यात अगदी थोड्या प्रमाणात हे रसायन सोडतात. त्याचं मुख्य काम साफसफाईचं. इंजेक्टरच्या टोकावर आणि व्हॉल्व्हवर जमणारा काळा थर ते सैल करतं. प्रत्येक कंपनीची पाककृती वेगळी आणि जाहिरातही वेगळी.

अशी दोन रसायनं टाकीत एकत्र आली तर भांडत नाहीत, फक्त प्रत्येकाचं प्रमाण कमी होतं. आमटीत तुम्ही तुमचा गोडा मसाला अर्धा चमचा आणि शेजारणीचा अर्धा चमचा घातलात, तर चव मधली येईल, आमटी नासणार नाही. तसंच.

एक गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याला डायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. अशा इंजिनात पेट्रोल आत येणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला कधी लागतच नाही. तिथला थर कुठल्याही महागड्या पेट्रोलने धुतला जात नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजत असाल तर मोजू नका.

पहिली पायरी: टाकीचं झाकण उघडा आणि गाडीचं पुस्तक वाचा

कंपनी कुठली याऐवजी दोन आकडे बघायचे: ऑक्टेन आणि इथेनॉल. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो आणि पुस्तकात ‘इंधन’ या मथळ्याखाली अर्धं पान असतं. ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मी आमच्या घरातल्या तिन्ही गाड्यांचं ठेवलं आहे.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली, ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेटून न जाण्याची पेट्रोलची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ती कमी पडली की चढावर, टॉप गिअरमध्ये, इंजिनातून खड्यांनी भरलेला डबा हलवल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला ‘गाडी नॉक करतेय’ म्हणतात. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ ठरवलेलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्यावर चालण्यासाठीच बनवलेल्या आहेत. काही टर्बो आणि महागड्या परदेशी गाड्यांच्या पुस्तकात ९५ किंवा त्याहून जास्त मागितलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर तेच भरा. नसेल, तर १०० ऑक्टेन भरून ९१च्या गाडीला काही मिळत नाही. इंजिनाला जे वापरताच येत नाही त्याचे पैसे तुम्ही देता.

इथेनॉलचा विषय मात्र गंभीर आहे आणि इथे लोकांची काळजी रास्त आहे. उसापासून आणि धान्यापासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळणं आपल्याकडे टप्प्याटप्प्याने वाढलं. २०२२ च्या जूनमध्ये सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं म्हणजे ई-२० पेट्रोल बाजारात आणलं, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. हे सगळ्याच कंपन्यांना लागू आहे, त्यामुळे पंप बदलून त्यातून सुटका होत नाही.

तुमची गाडी कधी बनली यावर पुढचं अवलंबून आहे. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांतले रबर, प्लॅस्टिक आणि नळ्या ई-२० सहन करतील अशा आहेत. त्याआधीच्या गाड्यांपैकी बऱ्याच १० टक्क्यांसाठी बनलेल्या आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं होतं की शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत ई-२० वापरल्यास इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटू शकते. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी १७ च्या आसपास देऊ लागली, तर त्यामागे हे कारण असू शकतं. तो दोष कंपनी बदलल्याचा समजू नका.

जुनी गाडी असेल तर तिच्याकडे दोन गोष्टींसाठी बघा. इथेनॉल हे चांगलं द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीत आणि नळ्यांत बसलेला चिकट मळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. त्यामुळे पेट्रोल फिल्टर वेळेआधी बदलावा लागू शकतो, आणि तेवढ्यावर भागतं. दुसरं म्हणजे रबराचे पाइप, विशेषतः कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांचे आणि स्कूटरचे. वर्षातून एकदा बोनेट उघडून पाइप बोटांनी दाबून बघा. चिरा, फुगवटा किंवा हाताला चिकट लागत असेल तर बदलून घ्या. पेट्रोलचा वास गॅरेजमध्ये उभ्या गाडीभोवती येत असेल तर एक दिवसही थांबू नका, आगीशी खेळ होतो.

दुसरी पायरी: साधं आणि प्रीमियम मिसळायचं असेल तर

एक्सपी-९५, स्पीड, पॉवर ९५, व्ही-पॉवर ही नावं तुम्ही पंपावर वाचली असतील. साध्या पेट्रोलवर ते भरलं तर चालतं का? चालतं. ऑक्टेन ढोबळमानाने प्रमाणात मिसळतं. समजा ३५ लिटरच्या टाकीत ९१चं १० लिटर उरलंय आणि वर ९५चं २५ लिटर भरलं, तर टाकीत जवळपास ९४ ऑक्टेनचं पेट्रोल तयार होतं.

हा हिशेब महत्त्वाचा ठरतो तो फक्त ज्या गाडीला ९५ हवंच आहे तिच्यासाठी. तिच्यात नाइलाजाने एखाद्या आडगावी ९१ भरावं लागलं तर घाबरू नका. बहुतेक नव्या इंजिनांत नॉक ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ मागे सारतो, थोडा पिकअप कमी होतो, इंजिन वाचतं. तेवढी टाकी संपेपर्यंत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, चढावर गिअर खाली घ्या, आणि पहिली संधी मिळताच वर ९५ भरा. घाटात सगळं सामान आणि पाच माणसं घेऊन ९१वर दामटणं मात्र टाळा.

साफसफाईच्या अ‍ॅडिटिव्हसाठी प्रीमियम भरायचं असेल तर ‘एक टाकी भरली, पुढची साधी’ असं अधूनमधून केल्याने काही बिघडत नाही, पण फायदाही फार दिसणार नाही. माझं मत असं की पुस्तकात मागितलं नसेल तर ते पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात आणि एअर फिल्टरमध्ये घाला.

तिसरी पायरी: कंपनी निवडू नका, पंप निवडा

मुद्दा इथे आहे. रिफायनरीत सगळं सारखं असलं, तरी डेपोपासून तुमच्या टाकीपर्यंत जे होतं ते सारखं नसतं. टँकर रस्त्यात कुठे थांबतो, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी जातं का, मालक प्रामाणिक आहे का, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

भेसळ हा शब्द हलक्याने घेण्यासारखा नाही. २५ जानेवारी २०११ रोजी याच पानेवाडीजवळ, मनमाडला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जाळून मारलं. भेसळ उघड करायला गेलेला अधिकारी होता तो. ते नाव मी विसरत नाही, आणि पंपावर तपासणी मागताना संकोच वाटला की मला ते आठवतं. आपण मागतो तो आपला हक्क आहे.

तो हक्क कसा वापरायचा ते सांगते.

पहिला, फिल्टर पेपर. प्रत्येक पंपावर तो ठेवणं बंधनकारक आहे आणि मागितल्यास फुकट द्यावा लागतो. नोझलचं तोंड आधी पुसून घ्यायला सांगा, मग कागदावर एक थेंब टाका. साधारण दोन मिनिटांत तो उडून गेला पाहिजे. पेट्रोलच्या रंगाची हलकी छटा उरली तर चालते. तेलकट, कडा असलेला डाग राहिला तर रॉकेलसारखं जड काहीतरी आहे. या चाचणीची मर्यादाही ध्यानात घ्या: उडून जाणारं सॉल्व्हंट किंवा पाणी ती पकडत नाही.

दुसरा, घनता. बिलावर किंवा पंपाच्या फलकावर आजची घनता लिहिलेली असते. १५ अंश तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असते. पण या मर्यादेत असणं पुरेसं नाही. टँकर आला तेव्हाच्या चलनावरची घनता आणि आता नोझलमधून निघणाऱ्याची घनता यांत ३ पेक्षा जास्त फरक नसावा. तुम्ही मागितलं तर पंपवाल्याने काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवून, तक्त्यावरून १५ अंशाला आकडा काढून दाखवला पाहिजे. दुपारच्या उन्हात पेट्रोल प्रसरण पावतं आणि हायड्रोमीटर कमी आकडा दाखवतो. म्हणून तक्ता बघितल्याशिवाय भांडू नका, हे मी एकदा उगाच भांडून शिकले आहे.

तिसरा, माप. ‘पाच लिटरचं माप दाखवा’ म्हणा. वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं हे भांडं पंपावर असतं. नोझलमधून बरोबर पाच लिटर सोडून रेघ जुळते का ते स्वतः बघा.

चौथा, आणि पावसाळ्यात सर्वांत मोलाचा, पाणी. पंपाच्या टाकीत डिप रॉड (पातळी मोजायची काठी) टाकतात, तेव्हा तिच्या टोकाला एक पेस्ट लावतात जिचा रंग पाणी लागलं की बदलतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट वापरतात. पंप चांगला असेल तर मालक ही तपासणी रोज सकाळी करतो आणि वहीत लिहितो. विचारलं तर वही दाखवतो. ज्या पंपावर वही बघायला मिळते, तिथे मी पुन्हा जाते.

या चारही गोष्टी प्रत्येक वेळी करायच्या नाहीत. नेहमीच्या पंपावर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा सुरू झाल्यावर, एवढं पुरे. प्रवासात मात्र गर्दीचा, हायवेवरचा, ट्रकवाले थांबतात तो पंप निवडा. तिथला माल रोज संपतो आणि रोज नवा येतो. कागल ओलांडल्यावर कर्नाटकात भरलं काय किंवा बांद्याच्या पुढे गोव्यात भरलं काय, तिथे दर वेगळा असेल, मानक तेच आहे.

चौथी पायरी: भरताना

टँकर रिकामा होत असलेला दिसला तर पुढच्या पंपावर जा, किंवा अर्धा तास चहा घ्या. तळातला गाळ आणि पाणी तेव्हा ढवळलेलं असतं. पंपाला फिल्टर असतो, तरीही.

मीटर शून्य झालेलं बघितल्याशिवाय ‘टाका’ म्हणू नका. ऑटो-कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणू नका. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा बाद होतो, ज्याचा खर्च तुम्ही वाचवलेल्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त येतो.

आणि तोंडाने ‘पेट्रोल’ हा शब्द मोठ्याने उच्चारा. नुसतं ‘दोन हजारचं’ म्हणू नका. गाडीच्या जिवावर उठणारं मिश्रण एकच आहे, पेट्रोल आणि डिझेलचं. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर जास्त वाईट, कारण उच्चदाबाच्या पंपाला डिझेलचंच वंगण मिळतं आणि पेट्रोल ते धुऊन टाकतं. चुकून झालंच, तर चावी फिरवू नका. इग्निशन नुसतं ‘ऑन’ केलं तरी टाकीतला पंप चालू होऊन चुकीचं इंधन पुढे ढकलतो. गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकला आणि टाकी रिकामी करून घ्या. सुरू करण्याआधी लक्षात आलं तर टाकी साफ करण्यावर निभावतं.

पाचवी पायरी: भरल्यावर गाडी बिघडली तर

हे मी स्वतः भोगलं आहे. २०१९ चा जुलै, कोकणात उतरण्याआधी एका पंपावर १५०० रुपयांचं पेट्रोल भरलं. सहा-सात किलोमीटरवर गाडीने गचके खाल्ले, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, आणि वळणावर इंजिन बंद झालं. पुन्हा सुरू होऊन दहा सेकंदांत परत बंद. पुढच्या गावातला मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. त्याने इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाइप सोडवला, चावी फिरवून पंप चालू केला आणि पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटलीत पेट्रोल घेतलं. बाटली त्याने छत्रीच्या आडोशाला बोनेटवर उभी ठेवली. “थांबा जरा, ताई,” एवढंच म्हणाला.

दोन-तीन मिनिटांत बाटलीत रेघ उमटली. वर नारिंगी पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ पांढरट थर. त्याने बाटली तिरकी केली तसा खालचा थर आळसावल्यासारखा सरकला, वरच्यात मिसळला नाही.

तो थर नुसत्या पाण्याचा नसतो. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात विरघळवून घेतं आणि तोवर गाडीला कळतही नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतला पंप तळातूनच ओढतो. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचं ऑक्टेनही खाली आलेलं असतं. म्हणून ‘वर चांगलं पेट्रोल भरून पातळ करू’ हा सल्ला अशा वेळी ऐकू नका. टाकी उतरवून पूर्ण रिकामीच करावी लागते.

तुमच्यावर ही वेळ आली तर असं करा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. बाटलीत नमुना घ्या आणि रेघ दिसेल असा फोटो काढा, शेजारी बिल ठेवून. त्या पंपाला लगेच फोन करा किंवा कोणाला तरी पाठवा, कारण मागून येणाऱ्या गाड्याही तेच भरत असतात. तक्रारवही मागा आणि तुमची नोंद वहीतच करा. कंपनीचा क्रमांक फलकावर असतो, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पंप दाद देत नसेल तर जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी जा. पेट्रोल-डिझेलच्या गैरव्यवहारांना आळा घालणारा २००५ चा केंद्राचा आदेश आहे, तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो आणि त्यात नमुने घेऊन कारवाई करण्याची तरतूद आहे. माप कमी असेल तर वैधमापन विभाग. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग.

मी मेकॅनिकला घेऊन त्याच्याच मोटरसायकलवर मागे गेले. बाटली, फोटो आणि बिल काउंटरवर ठेवलं. मालकाने माझ्यासमोर डिप रॉड टाकली, पेस्टचा रंग बदलला, आणि त्याने लगेच त्या टाकीची दोन्ही नोझलं बंद करून दोरी बांधली. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणातून रात्रीच्या पावसाचं पाणी आत गेलं होतं. टाकी उतरवण्याचा, फिल्टरचा आणि पेट्रोलचा खर्च त्याने दिला, फारशी खळखळ न करता, कारण बिलावर तारीख, वेळ आणि नोझलचा क्रमांक छापलेला होता.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक क्लिप आहे आणि तिच्यात शेवटच्या पाच-सहा वेळची बिलं असतात. वेगवेगळ्या कंपन्यांची.